गाण्याआधीचं हसणं

आमचे हॅनोव्हरचे घरमालक दार ठोठावत नसत, वाजवत. साधारण माणूस दोनदा टकटक करतो आणि थांबतो. यांची टकटक लांबलचक आणि लंगडत चालल्यासारखी असे: दोन लांब, एक आखूड, तीन लांब, एक आखूड. ती पुरी व्हायच्या आत दार उघडलेलं त्यांना चालत नसे. मी नवी असताना एकदा मध्येच उघडलं, तर हात हवेत तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे दुःखाने पाहिलं, उरलेलं चौकटीवर वाजवून घेतलं आणि मगच म्हणाले, "गुटन टाग, फ्राऊ डोक्टर. उद्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बाहेर ठेवायचा दिवस आहे. तुमच्या दह्याच्या डब्या धुतलेल्या नाहीत."

मी तेव्हा डॉक्टर नव्हते. सांगलीहून यंत्रांच्या कंपनांवर पीएच.डी. करायला आले होते, एवढंच. माझ्या प्रोफेसरांना जी गोष्ट मान्य करायला पुढे काही वर्षं लागली, ती घरमालकांनी भाडेकरारावर सही करतानाच मान्य करून टाकली होती.

उंच, वाकलेले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. अंगात बारा महिने घानाचा जाड पट्ट्यापट्ट्यांचा घेरदार सदरा. थंडी पडली की तो काढून स्वेटर घालावा हे त्यांना पटत नसे; ते स्वेटरवरच सदरा चढवत. त्यामुळे जानेवारीत ते फळवाल्याच्या मोठ्या छत्रीसारखे दिसत आणि त्याच थाटात कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला नेत. शेजारपाजारचे त्यांना नमस्कार करत, पण थांबून बोलत नसत. मीही पहिले काही महिने तेच केलं.

आईचा रविवारी फोन यायचा.

"तुझे घरमालक काय करतात गं?"

"वाजवतात."

"काय?"

"बास."

"बरं, राहिलं. विचारलं म्हणून एवढं तोडून बोलायला नको."

"अगं आई, बास. बास गिटार."

"एकटेच असतात?"

"हो."

"बायको?"

"होती."

"आणि खाली तू एकटी."

"हो."

"बरं आहे," आई म्हणाली. यातलं नक्की काय बरं होतं, हे तिने सांगितलं नाही.

हा किस्सा मी घरमालकांना सांगितला. आमच्या भाषेत बास म्हणजे 'पुरे', हे आधी समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि मान हलवून म्हणाले, "हे विनोदी आहे." हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. विनोद कळला की पोच दिल्यासारखं "हे विनोदी आहे" म्हणत. विनोद फारच चांगला असेल तर "हे फार विनोदी आहे." मी त्यांच्या घरात राहिले तेवढ्या काळात 'फार' दोनदाच ऐकलं.

बास ते रोज वाजवत, पण अँप्लिफायर न लावता. जिन्यात टांगलेल्या हाउसऑर्डनुंगप्रमाणे, म्हणजे घराच्या नियमांप्रमाणे, दुपारी एक ते तीन शांतता पाळायची असे. हे चोवीस तास पाळत. विजेशिवाय बास गिटार म्हणजे तारा लावलेलं लाकूड. मला खाली सूर ऐकू येत नसे, ऐकू येई तो फक्त त्यांचा पाय. छतातून एक ठोका येई. मग बराच वेळ काही नाही. मग आपण ज्या क्षणी अपेक्षा सोडून द्यावी, नेमका त्या क्षणी दुसरा. कंपनांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला छळायचं असेल तर याहून सोपा उपाय नाही.

एका शनिवारी आम्ही एकत्र सुपरमार्केटला गेलो होतो. छतातल्या स्पीकरवर एक जुनं गाणं लागलं. ते सगळ्या जर्मनीला पाठ आहे. आधी एक लोखंडी घंटा वाजते, मग बासचा पहिला ठोका, त्यावर लगेच कोणीतरी पोटातून, मोकळं, मोठ्याने हसतं, आणि मग गाणं सुरू होतं. उन्हाळा, समुद्र आणि कोणा एका मुलीचे ओले पाय, असा विषय. कॅशवरच्या बाई गुणगुणू लागल्या. मी मागे वळले तर घरमालकांनी हातातली दुधाची बाटली अंड्यांच्या खोक्यावर ठेवली होती आणि ते दाराबाहेर चालले होते. मी पैसे देऊन बाहेर आले तेव्हा ते सायकलींच्या रांगेत, आपणही एक सायकल असल्यासारखे उभे होते.

"गाणं आवडत नाही?" मी विचारलं.

"त्यातला बास माझा आहे," ते म्हणाले. "आणि ते हसणं माझ्यावरचं आहे."

हळूहळू, पिवळ्या पिशव्यांच्या दिवशी थोडं थोडं करून, मला बाकीचं कळलं. ऐंशीच्या दशकात चार जर्मन पोरांचा एक बँड होता. त्यांना आफ्रिकेचं वेड लागलं होतं. त्या काळात ते बऱ्याच जणांना लागलं होतं. मग घानाचा एक घंटावादक मिळाला, क्वामे नावाचा. आठवडाभर सगळे एका स्टुडिओत एकत्र वाजवत होते. रेकॉर्ड निघाली, गाजली. तिचं कव्हर मी नंतर पाहिलं. त्यावर चौघांची पूर्ण नावं होती, फोटोग्राफरचं होतं, केस कोणी कापले त्याचंही होतं. खाली लिहिलं होतं: 'घंटा: क्वामे आणि मित्र.' मित्र कोणीच नव्हते. एकट्या क्वामेने पाच वेळा गाऊन कोरस भरला होता.

घरमालकांचं दुखणं वेगळंच होतं. गाण्यातली पहिली मात्रा, जिला आपण सम म्हणतो, तिला तिथले वादक 'आइन्स' म्हणतात, म्हणजे एक. क्वामेच्या त्या लंगड्या घंटेत आइन्स कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला नुसतं ऐकून कळत नाही. ती मोजून दाखवलेली नसते, घरच्यांना ठाऊक असते. घरमालकांनी बास सुरू केला तो भलत्याच ठोक्यावर, तिथेच आइन्स आहे अशा पूर्ण खात्रीने. ड्रम त्यांच्या मागून आले, गायक ड्रमच्या मागून आला. सगळं गाणं तोंड फिरवून उभं राहिलं आणि तसंच लोकप्रिय झालं.

"मला काही वर्षांनी कळलं," ते म्हणाले. "घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये. एका लग्नात तीच घंटा वाजत होती आणि नाचणाऱ्यांचे पाय माझ्या जागेवर पडतच नव्हते. एकाचाही नाही. तेव्हा मला ते हसणं समजलं. मी हेडफोन लावून वाजवत होतो, कानात फक्त घंटा होती. पहिला ठोका दिला आणि मान वर केली. समोर क्वामे. तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले. तो मला हसत होता, फ्राऊ डोक्टर. आणि आम्ही ते रेकॉर्डवर ठेवलं, कारण ते आफ्रिकन वाटलं."

वर्तमानपत्रांनाही वाटलं होतं. एकाने त्या हसण्याला एका खंडाचा निर्मळ आनंद म्हटलं होतं.

"त्यांनी सांगितलं का नाही, चुकलंय म्हणून?"

"तेच विचारायचं आहे," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग संपलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी गायकाला विचारलं, क्वामे कुठे आहे? तो म्हणाला, घरी गेला."

म्हणून ते घानाला गेले. पुन्हा एकदा गेले. आक्राच्या रेडिओला पत्रं लिहिली. दुसऱ्या फेरीनंतर परत आले तेव्हा बायको घर सोडून गेली होती. हे सगळं त्यांनी उन्हाळ्यातल्या गाड्यांचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. वीसेक वर्षं हा माणूस एकच प्रश्न खिशात घेऊन फिरत होता: मित्र आपल्याला हसला आणि निघून गेला, की आधी निघून जायचं ठरवलं आणि मग हसला?

मी लहानपणी तीन वर्षं तबला शिकले होते, कारण हार्मोनियमचा वर्ग भरला होता. ही गोष्ट मी जर्मनीत कोणाला सांगितली नव्हती. जर्मन माणसाला भारतीय बाईने तबला वाजवून दाखवला की तो ताबडतोब डोळे मिटतो. पण घरमालकांपुढे राहवलं नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीनताल धरला. सम आली की टाळी, खाली आली की हात रिकामा. त्यांनी डोळे मिटले नाहीत. माझ्या हाताकडे संशयाने पाहत राहिले.

"आणि ऐकणाऱ्यांना कळतं, आइन्स कुठे आहे ते?"

"कळतं. मैफलीत सगळे समेवर एकदम माना हलवतात."

"सगळे? एकदम? कोणी न सांगता?"

"हो. निदान माना तरी हलवतात. कळतं की नाही ते कोण बघतंय."

"हे फार विनोदी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. मग खिडकीतून बाहेर पाहत राहिले. चौकात काही माणसं लाल दिव्यापाशी उभी होती. रस्ता दोन्हीकडून रिकामा होता. "आमच्याकडे एवढंच एकदम होतं," ते म्हणाले. दिवा हिरवा झाला आणि सगळे एकदम निघाले.

त्यांचं एक वाक्य होतं, ते वारंवार म्हणत: "एक हा आकडा नाही, पत्ता आहे." तो नुसता वादकांचा थाट आहे, असं मला तेव्हा वाटे.

गाण्याला वीस वर्षं पुरी झाली म्हणून टीव्हीवर कार्यक्रम झाला. गायक आला होता. केस आता दुसऱ्या बाजूने आणून बसवलेले. आम्ही आफ्रिकेला आवाज दिला, असं तो म्हणाला. मी वर घरमालकांकडे बसून पाहत होते.

"आफ्रिकेला आधीपासून होता तो," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पुढचा कार्यक्रम आम्ही मुकाच पाहिला. तो त्यामुळे बराच सुधारला.

मग वर्ल्डकपचा उन्हाळा आला. फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत होता, आणि घानाची पहिलीच मॅच पडली ती आमच्या गावात. घरमालक आठवडाभर आधीच बदलले. सदरा धुऊन इस्त्री केला. मॅचच्या दिवशी दुपारी दार वाजलं. या वेळी बोटांनी नाही, हातातल्या लोखंडी घंटेने वाजलं.

"तो येईल," ते म्हणाले. "घानाचा माणूस आहे. घाना खेळतोय. येणारच. तुम्ही चला, फ्राऊ डोक्टर. मी एकटा घंटा घेऊन उभा राहिलो तर पोलीस विचारतील."

हॅनोव्हरच्या स्टेशनसमोर घोड्यावर बसलेल्या एका राजाचा पुतळा आहे. गावातले लोक कोणाला भेटायचं असलं की "शेपटीखाली भेटू" म्हणतात, म्हणजे राजाच्या घोड्याच्या. आम्ही शेपटीखाली उभे राहिलो. चौक लाल-पिवळ्या-हिरव्या झेंड्यांनी भरला होता. ढोल होते, शिट्ट्या होत्या, घंटाही होत्या. घरमालक येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने थांबवून विचारत होते, "माफ करा, क्वामे आले आहेत का? घंटा वाजवतात ते?"

शेवटी पिवळ्या टीशर्टातला एक धिप्पाड माणूस थांबला. तो हॅम्बुर्गला टॅक्सी चालवत होता आणि त्याचं जर्मन माझ्यापेक्षा बरंच चांगलं होतं.

"क्वामे? ओपा, आमच्याकडे शनिवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा क्वामे असतो. हा बघा, हा क्वामे. तो झेंडेवाला, तोही क्वामे. तुम्हाला कितवा पाहिजे?"

त्याच्या मित्रांत हशा पिकला. ओपा म्हणजे आजोबा. घरमालकांनी स्वतःला ओपा म्हणवून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा फक्त रिकामा झाला. इतकी वर्षं त्यांनी घानाभर 'शनिवार' शोधला होता. आणि नाव अपुरं का होतं, तर त्यांच्याच रेकॉर्डच्या कव्हरवर पूर्ण नावाला जागा मिळाली नव्हती.

मग त्यांनी घंटा वर धरली आणि वाजवली. दोन लांब, एक आखूड, तीन लांब, एक आखूड. आणि पायाने, आपल्या चुकीच्या जागी, ठोका दिला.

टॅक्सीवाल्याने कान टवकारले. "थांबा, थांबा. हे सुपरमार्केटमधलं गाणं! ते उलटं गाणं!" त्याने मित्रांकडे पाहिलं. "अरे, आपले चर्चमधले अंकल! ते म्हणत नाहीत का नेहमी, त्या गाण्यात मीच आहे म्हणून? कोणी विश्वासच ठेवत नाही!"

"कुठलं चर्च?" घरमालकांनी विचारलं. "आक्रामधलं?"

"आक्रा कशाला? आल्टोना. हॅम्बुर्ग. अंकल तिथेच राहतात, माझ्या जन्माआधीपासून."

हॅनोव्हरहून हॅम्बुर्ग गाडीने दीड तासाच्या आत येतं. गायक म्हणाला होता, घरी गेला. तो खरोखर घरीच गेला होता. घर म्हणजे आफ्रिका, हे ऐकणाऱ्यांनी आपल्या मनाने धरलं होतं.

टॅक्सीवाल्याने तिथल्या तिथे मोबाईल लावला आणि म्हाताऱ्या माणसाला गोंगाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तो आधी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मग फोन घरमालकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"क्वामे?"

"कोण? बास?" पलीकडचा आवाज जाड आणि शांत होता. "तू जिवंत आहेस?"

"आहे. तू परत का आला नाहीस?"

"कुठे परत? काम झालं, मी घरी गेलो. तुम्ही नंतर बोलावलं नाहीत. मला वाटलं, झाली आफ्रिका तुमची."

घरमालकांनी श्वास घेतला. आता ते विचारणार, हे मला कळलं आणि का कोण जाणे, मी राजाच्या घोड्याकडे पाहू लागले.

"क्वामे, त्या दिवशी स्टुडिओत... मी चुकीच्या जागी आलो, तेव्हा तू हसलास. का हसलास?"

"मी?"

"रेकॉर्डवर आहे. अगदी सुरुवातीला."

"मी नाही हसलो. माझी दाढ दुखत होती त्या दिवशी. सकाळपासून ठणकत होती, तोंड मिटता येत नव्हतं. मी कशाला हसतोय?"

"मग कोण हसलं?"

"तू."

कोणीतरी शेजारी शिट्टी फुंकली. घरमालकांनी फोन कानाजवळ नेला, स्पीकर चालू आहे हे विसरून.

"तूच हसलास, माणसा! भलत्याच दारातून आत घुसलास आणि स्वतःच हसत सुटलास, लहान मूल पाण्यात उडी मारून हसतं तसा. म्हणून तर मी बोललो नाही. म्हटलं, एवढा खूश आहे, कशाला थांबवा. तुला तुझं हसणं ओळखू येत नाही?"

घरमालकांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं.

"अजून तिथेच मारतोस का पाय?" क्वामेने विचारलं.

"या. हो."

"मग रविवारी चर्चला ये."

फोन परत करताना घरमालकांनी टॅक्सीवाल्याचे आभार मानले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हे विनोदी आहे." 'फार' म्हणाले नाहीत. आम्ही मॅच बघायला थांबलो नाही. घाना हरल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून ती रेकॉर्ड काढली. इतक्या वर्षांत अँप्लिफायर पहिल्यांदाच लागला. सुदैवाने तीन वाजून गेले होते. घंटा वाजली, बासचा ठोका आला, हसणं आलं. त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा घंटा, ठोका, हसणं. गाण्यापर्यंत ते एकदाही गेले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि स्पीकरमधला आवाज त्या चेहऱ्यावर बसवून बघत होते. बसत नव्हता. तेही बहुधा तेच करत असावेत, कारण समोरच्या काचेच्या कपाटात स्वतःकडे बघत होते.

"हा कोण होता?" त्यांनी विचारलं. मला नव्हे, काचेतल्या माणसाला.

रविवारी ते बास पाठीला लावून हॅम्बुर्गला गेले. संध्याकाळी दार वाजलं. मी पूर्ण वाजू दिलं.

"कसं झालं?"

"क्वामेचे सगळे केस पांढरे झाले आहेत. त्याने मला कोरसच्या शेवटच्या रांगेत उभं केलं. नुसत्या टाळ्या वाजवायला. बास पिशवीतच राहिला."

"आणि आइन्स?"

"त्यांची एकीकडे, माझी दुसरीकडे. शेवटपर्यंत."

"लोक हसले?"

"नाही. कोणीही हसलं नाही. फार सभ्य लोक आहेत." त्यांनी जिन्याखालच्या पिवळ्या पिशव्यांकडे पाहिलं. "मग मीच हसलो."

मी थांबले. वाटलं, निदान नमुन्यादाखल आत्ता हसतील. ते म्हणाले, "शोनेन आबेंड, फ्राऊ डोक्टर," आणि जिना चढून वर गेले. थोड्या वेळाने छतातून पाय ऐकू आला, नेहमीच्याच जागी.

मी तिथे होते तोवर ते रविवार चुकवत नसत. हसणं मात्र ते हॅम्बुर्गलाच ठेवून येत असावेत; जिन्यात, स्वयंपाकघरात, कचऱ्याच्या डब्यांपाशी मी ते कधीच ऐकलं नाही.

आता मी म्युनिकजवळ, उंटरश्लाइसहाइमला राहते. उन्हाळा आला की इथल्या सुपरमार्केटमध्येही ते गाणं लागतं. ट्रॉलीत बसलेल्या माझ्या मुलीला मराठी कळतं, पण ती बोलते जर्मन. घंटा वाजते, ठोका येतो आणि ती दर वेळी विचारते, "वेअर लाख्ट दा, मामा?" कोण हसतंय?

"आपले हॅनोव्हरचे घरमालक," मी सांगते.

ती मान लांब करून दह्याच्या शेल्फामागे पाहते. मीही पाहते.